पुढची जागा

त्या दिवशी नदीवर पोचायच्या आधीच मी थकले होते. झोप झाली नव्हती असं नाही. झोप झाली होती, पोळ्या लाटून झाल्या होत्या, डबा भरून झाला होता, यांच्या डोळ्यांत सकाळचे थेंब घालून झाले होते. तरी दारात उभी राहून मी अंगणातल्या त्या कयाककडे बघत होते आणि मनात एकच घोकत होते, आजचं शेवटचं. आज यांना सांगून टाकायचं की पुढच्या वर्षी मी येणार नाही.

हे पायपंप मारत होते. आमची कयाक म्हणजे हवा भरायची होडी, जाड रबरासारख्या कापडाची, दोघांना पुढेमागे बसता येईल अशी. वर्षभर ती दिवाणाच्या पोटात घडी होऊन पडलेली असते. पावसाळा ओसरला आणि वाघ नदीचं पाणी जरा शहाण्यासारखं वागू लागलं की दसऱ्याच्या आधी एक दिवस ती बाहेर निघते. आधी अंगणात फुगवायची, साबणाचं पाणी लावून कुठे बुडबुडा येतो का पाहायचं, मग पुन्हा हवा काढून गुंडाळायची आणि गाडीत टाकायची. यांचं गोंदियात सायकलचं दुकान होतं. पंक्चर शोधायला यांना डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. पंप मारता मारता हे गुणगुणत होते. वर्षभर न गुणगुणणारा माणूस त्या एका सकाळी गुणगुणतो, आणि नेमकं तेव्हा त्याला ‘आजचं शेवटचं’ म्हणून सांगायचं, एवढं काही माझं काळीज दगडाचं नाही. म्हटलं, नदीवर सांगू.

ही कयाक आणली मुलानं. तो बंगळुरात नोकरी करतो. तिथल्या मित्रांबरोबर सुट्टीच्या दिवशी नद्यांवर जाऊन जाऊन त्याला याचा नाद लागला आणि एका वर्षी सणाला घरी येताना तो हे धूड घेऊन आला. गावाकडच्या मित्रांना घेऊन जायचा त्याचा बेत होता. पण मित्र सगळे धानाच्या कापणीत अडकलेले. मग उरलो आम्ही दोघं. पोहायला दोघांनाही येत होतं. माझं माहेर नदीकाठचं, हे तलावात शिकलेले. मी शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा. मुलांना धड्यात नदी शिकवणारी बाई पंजाबी ड्रेसवर लाईफ जॅकेट चढवून घाटावर उभी राहिली, तेव्हा कपडे धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं होतं.

मुलगा खालचं पाणी बघायला म्हणून काठाकाठानं पुढे गेला आणि जाताना ‘तुम्ही बसून घ्या’ एवढंच म्हणाला. आम्ही बसलो. कसे बसलो, तर लग्न झाल्यापासून मोटारसायकलवर जसे बसत आलो तसे. हे पुढे, मी मागे. सवयीनं मी तर दोन्ही पाय एका बाजूला टाकून आडवी बसायला निघाले होते. मग लक्षात आलं की असं बसले तर कयाक तिथेच उलटेल.

आता कयाकची गोष्ट अशी की पुढचा माणूस जोर लावतो आणि मागचा दिशा ठरवतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे बसेल तो चालवेल, यात सांगण्यासारखं काय आहे असंच आम्हाला वाटत होतं. हे मोठ्या रुबाबात वल्हं मारत म्हणत होते, ‘आता डावीकडे घेतो’, आणि कयाक खरोखर डावीकडे वळली की स्वतःवर खूश होत होते. वळवत होते मी, मागून, आणि ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. काठावरून मुलगा पोट धरून हसत ओरडला, “बाबा, गाडी आई चालवून राहिली!”

जागा बदला, असं त्यानं सुचवलं. हे म्हणाले, “मी मागं बसू? बायकोच्या मागं?” बघायला काठावर चार म्हशी आणि मुलगा एवढेच होते. तरी जागा बदलली नाही ती नाहीच. अशी चूक आमच्याकडचीच माणसं करू जाणोत, आणि वर्षानुवर्षं ती निभावूनही तीच नेऊ जाणोत. पुढे मुलानं मला मागचं वल्हं कसं धरायचं, पाण्यात सुकाणूसारखं कसं टेकवायचं ते नीट शिकवलं. हे पुढे बसून राजासारखे मिरवायचे. मला काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. घरात कोणाला न सांगता गाडी चालवण्यातली ती मजा होती.

मग यांचे डोळे गेले. एका दिवसात नाही गेले. काचबिंदू असा दार वाजवून येत नाही. दुकानात शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक यांना दिसेना, उंबरठ्याला पाय लागू लागला, ताटाच्या कडेची चटणी राहून जाऊ लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. उरलेलं म्हणजे समोरचा एक धुरकट गोल. त्या गोलात उजेड दिसतो, माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून. दुकान बंद केलं. मी नोकरी मुदतीआधी सोडली.

तेव्हापासून मी दोन माणसांचं बघते. हे वाक्य लिहायला सोपं आहे. सकाळी यांचे थेंब, मग दाढीचा राहिलेला पट्टा, शर्टाची उलटीसुलटी बाजू, ताटात कुठे काय आहे ते सांगणं, मासळीचे काटे काढून देणं, मोबाईलवर आलेलं सगळं वाचून दाखवणं, त्यात लग्नाच्या पत्रिकाही आल्या आणि सकाळचे फुलांचे सुविचारही आले. यांनी हात लांब केला की त्यात पाण्याचा गिलास मी ठेवलेलाच असायचा. लोक कौतुक करायचे. माझी नणंद तर चारचौघांत म्हणाली, वहिनी म्हणजे दादाचे डोळे. मी हसले. घरी येऊन पातेलं इतकं जोरात घासलं की हात दुखून आला. मला कोणाचे डोळे व्हायचं नव्हतं. मला माझे डोळे मिटून दुपारी तासभर पडायचं होतं.

आता स्कूटी मी चालवते. हे मागे बसतात आणि प्रत्येक चौकात नसलेला ब्रेक पायानं दाबतात. बँकेत मी पुढे, दवाखान्यात मी पुढे, लग्नाच्या मांडवात मी पुढे आणि हे माझा कोपर धरून मागे. साऱ्या जगात यांना पुढे बसायला एकच जागा उरली होती, ती म्हणजे कयाकमधली. म्हणून तर सांगायचं जमत नव्हतं. मुलगा फोनवर सारखा म्हणायचा, “आई, बंद करा आता, रिस्क आहे.” त्याला काय, बंगळुरात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. पण तो चूक नव्हता. पुढच्या माणसानं पाण्यातला दगड बघून मागच्याला सांगायचं असतं. आमच्याकडे मागच्यानंच पुढच्याच्या खांद्यावरून बघायचं, ठरवायचं, वळवायचं, आणि ओरडून पुढच्यालाही सांगायचं. डावं-उजवं ऐन वेळी यांच्या डोक्यात उलटं होतं, म्हणून आमचे दोन शब्द ठरले होते. ‘घड्याळ’ म्हणजे डाव्या हाताला वळायचं, ‘घास’ म्हणजे उजव्या.

छोटा हत्तीवाला, म्हणजे टेम्पोवाला, वेळेवर आला. दरवर्षी तोच असतो. आम्हाला वर सोडायचं आणि खाली पुलाजवळ जाऊन वाट बघायची, हे त्याला पाठ झालंय. गुंडाळलेली कयाक मागे टाकत तो म्हणाला, “भाभीजी, इस साल भी? आप लोग मानते नहीं.”

“आखरी बार है,” मी पुटपुटले.

“हर साल बोलते हो,” तो म्हणाला. मी मागच्या वर्षी असं काही बोलले होते हे मला आठवतच नव्हतं.

आमगाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान. लोंबी बाहेर पडलेली, अजून हिरवी. एका बांधीत सारसाची जोडी उभी होती आणि रस्त्यावर मोटारसायकल लावून दोन पोरं तिचे फोटो काढत होती. सारस जन्मभर जोडीनं राहतात याचं लोकांना फार अप्रूप. आमचे फोटो कोणी काढत नाही. मी यांना सांगितलं, उजवीकडे सारस आहेत. यांनी मान तिकडे वळवली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि म्हणाले, “दोन का?” मी म्हटलं, दोनच. मग धान कसं आहे ते सांगितलं, पाणी किती आहे ते सांगितलं, पुढे म्हशी आडव्या आल्या म्हणून गाडी थांबली ते सांगितलं. सांगता सांगता माझा घसा गाडीतच कोरडा पडला.

घाटावर पुन्हा पंप. या खेपेला मी मारला, कारण चिखलात यांचा पाय घसरत होता. कपडे आपटणारी एक म्हातारी हात थांबवून विचारू लागली, “बाई, या पाण्यात कायले जाता वो? घरी काम नाही का?”

“घरी मोप काम आहे,” मी म्हटलं, “म्हणून तर आली.”

ती हसली. मीही हसले, पण मला हसू येत नव्हतं. यांना हाताला धरून पुढच्या जागेवर बसवलं, वल्हं हातात दिलं, हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. बसल्याबरोबर यांची पाठ ताठ झाली. घरात वाकून, चाचपडत चालणारा माणूस एकदम खांदे पसरून बसला. मी मागे बसले आणि त्या पाठीकडे बघत राहिले. इथेच सांगावं, असं वाटलं. पण बाई ऐकत होती.

वरच्या धरणातून थोडं पाणी सोडलेलं होतं. नदी भरलेली, पण गढूळ नाही. आमचा टप्पा काही मोठा नाही. मध्ये डोह, मध्ये खळाळ, असे तीन खळाळ. टीव्हीवर दाखवतात तसलं उसळतं पाणी नव्हे, पण छातीएवढं पाणी दगडांतून वेगानं उतरतं तेव्हा तेही माणसाला त्याची जागा दाखवून देतं. पहिल्या खळाळाचा आवाज आला तसे हे म्हणाले, “आलं.”

“हो. सरळ घ्या. आता मारा. मारा. घड्याळ! घड्याळ! बस. सरळ.”

यांचं वल्हं पाण्यात बरोबर पडत होतं. कयाकचं नाक खाली गेलं, पाणी यांच्या छातीवर फुटलं, त्यातलं निम्मं माझ्या तोंडावर आलं. मी डोळे पुसायला हात सोडू शकत नव्हते. “घास! अजून घास!” दगड डाव्या अंगाला घासून मागे गेला. आम्ही खालच्या शांत पाण्यात सुटलो. हे वल्हं आडवं ठेवून मोठ्यानं हसले. पूर्वी अशा वेळी मीही हसायचे. त्या दिवशी मी फक्त पुढचं पाणी बघितलं आणि मनात म्हटलं, अजून दोन.

दुसराही तसाच निघाला. मग लांबलचक डोह लागला. वारा नव्हता. काठाच्या करंजांची सावली पाण्यावर आलेली. इथे वल्हं मारायची घाई नसते, पाणीच नेतं. मी श्वास घेतला, जीभ ओठांवरून फिरवली आणि म्हटलं, “अहो.”

“काय वो?”

“काही नाही. पाणी पिता का?”

“नाही. ऐक ना, पुढच्या साली हे वल्हे बदलू. हलके येतात म्हणे आता. पोराले सांगतो. तुझ्या खांद्याले बरं पडन.”

माझा खांदा दुखतो हे मी यांना कधी सांगितलं नव्हतं. वल्ह्याचा जोर कमी झालेला यांना पुढे बसून समजला असणार. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पुढच्या वर्षीची वल्ही यांनी डोळ्यांपुढे आणून ठेवली होती, आणि माझ्याकडे पुढचं वर्षच नव्हतं. “काऊन, बोलून नाही राहिली?” यांनी विचारलं. मी म्हटलं, खालचा आवाज येतोय, नीट बसा.

तिसऱ्या खळाळाला नदी एका झुडपाळ बेटाला वळसा घालते. पाणी डावीकडून जास्त जातं, पण डावीकडे उताराच्या तोंडाशी एक काळा रुंद दगड आहे. त्याच्या उजव्या कुशीतून निघायचं असतं. मला तो दगड माहेरच्या दारासारखा पाठ आहे. मी तो लांबूनच बघितला. कुठे वळायचं ते कळलं. ‘घास’ म्हणायचं होतं. एवढाच एक शब्द. तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही.

मी घाबरले होते म्हणून नाही. विसरले म्हणूनही नाही. सकाळपासून, त्या सकाळच्याही आधीपासून, मी इतकं सांगत आले होते की त्या क्षणी आतलं सांगणंच संपलं. वाटलं, जाऊ दे जिकडे जाते तिकडे. हे आपले जोरात सरळ मारत होते, माझ्या आवाजाची वाट बघत. कयाक वळायला लागली, आडवी झाली आणि दगडाला पोटावर लागली. अशा वेळी दगडाकडे झुकायचं असतं, त्याला मिठी मारायची असते, हे मुलानं शंभरदा सांगितलेलं. मी उलट्या बाजूला झुकले. बस, पाणी आत आलं आणि आम्ही दोघं नदीत.

पाण्याखाली हिरवं दिसलं, मग पांढरं. गुडघा कशावर तरी आपटला. जॅकेटनं वर काढलं तेव्हा कयाक पालथी होऊन पुढे चालली होती आणि हे दिसत नव्हते. माझा जीव कुठे गेला ते मला सांगता येणार नाही. मी त्यांना हाक मारायला गेले आणि तोंडात पाणी गेलं. मग खालच्या बाजूला लाल हेल्मेट दिसलं. हे उताणे होऊन, पाय पुढे करून वाहत होते, शिकवलं होतं तसे, अगदी नेमके. आणि ओरडत होते, “कुठी आहेस वो? कुठी आहेस?”

“इकडं!” या वेळी आवाज निघाला. “इकडं या! माझ्या आवाजावर या!”

हे पालथे वळले आणि हात मारत आले. मी तोवर काठाच्या रेतीला लागून गुडघ्यांवर उभी होते. त्यांचा दंड हाती लागला तसा मी तो इतका घट्ट धरला की नंतर तिथे माझ्या बोटांचे वळ उठले होते. कयाक खाली झुडपात अडकलेली दिसत होती. वल्हं एक माझ्याच मनगटाला दोरीनं लटकत होतं.

हे धापा टाकत बसले. तोंडावर हसू होतं. “मस्त पडलो,” म्हणाले. मग तोंडावरचं पाणी पुसून म्हणाले, “तू आवाज नाही दिला.”

“नाही दिला.”

“काऊन?”

“नाही निघाला तोंडातून. थकली आहो मी.”

“पाण्यानं?”

“पाण्यानं नाही. तुमच्यानं.” एकदा बांध फुटल्यावर मी कशाला थांबते. “घरी बी मीच पाहू, इथं बी मीच पाहू. उठल्यापासून निजेपर्यंत दोन माणसाचं पाहून राहिली मी. आज माझ्यानं तुम्ही मेले असते. पुढच्या साली मी नाही येत. सकाळपासून हेच सांगाचं होतं. नाही येत म्हणजे नाही येत.”

मी रडत होते. मला वाटलं, हे आता म्हणतील, बरं, नको येऊ. हे तसेच समजूतदार आहेत. दुकान बंद करतानाही बरं म्हणाले होते. त्यांनी ‘बरं’ म्हटलं की मी आयुष्यभर त्या ‘बरं’चं ओझं वाहणार हेही मला दिसत होतं.

यांनी शर्टाचं टोक पिळलं. पाणी रेतीत जिरलं. मग म्हणाले, “घरचं सोड.”

“काय?”

“घरचं पाहणं सोड. इथलं नोको सोडू.”

“म्हणजे काय?”

“पाणी मी घेतो. कपडे मी काढतो. चहा मी करतो. काटे लागले तर लागू दे घशात. भितीले धडकलो तर धडकू दे. तू उठू नोको.”

“आणि भाजलं तर?”

“माझा हात भाजन. तुझा नाही.” हे माझ्या दिशेला तोंड करून बोलत होते, जरासे बाजूला, जिथे मी असेन असं त्यांना वाटलं तिथे. “मी हात लांब केला का तू त्यात गिलास ठेवते. पाहिजे असो का नसो. मले आता हात लांब कराले भेव वाटते. इथं तू निस्तं सांगते. वल्हं माझ्या हातात असते.”

मला राग आला. खरा, डोक्यात जाणारा राग. एवढी वर्षं मी झिजले, नोकरी सोडली, झोप सोडली, आणि या माणसाला त्याचं भेव वाटतं. कोणी मला आधी का नाही सांगितलं. मी उठले, झुडपातून कयाक ओढून काढली, पालथीची सुलटी केली, दुसरं वल्हं खालच्या गाळात रुतलेलं सापडलं ते आणलं. हे उभे राहून माझ्या पावलांच्या आवाजाकडे कान देत होते. मी कयाकचं नाक हातानं धरलं आणि यांना धरायला पुढे झाले. मग थांबले. “नाक तुमच्या समोर आहे,” एवढंच म्हटलं.

हे वाकले, कड चाचपली, एक पाय आत टाकला, डगमगले. माझे दोन्ही हात आपोआप वर आले होते. ते मी पाठीमागे धरले. हे बसले. स्वतःच बसले. त्याला भरपूर वेळ लागला आणि मला त्या वेळात काय करावं ते कळलं नाही.

उरलेला टप्पा सोपा होता. मी लागेल तेवढंच ओरडले. पुलाखाली छोटा हत्तीवाला बिडी ओढत बसला होता. आमचे अवतार बघून तो उठलाच. “क्या हुआ भाभीजी?”

“कुछ नहीं. पलट गये,” हे पुढून म्हणाले. आवाजात अशी काही ऐट होती की मला पुन्हा राग आला. परतीच्या वाटेवर मी बाहेरचं काहीच सांगितलं नाही, धान नाही, म्हशी नाहीत, वळण नाही. यांनीही विचारलं नाही. खिडकीला डोकं टेकून मी डोळे मिटले. झोप लागली नाही, पण डोळे मिटलेले होते.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मी ओले कपडे बदलले आणि व्हरांड्यात खुर्चीवर येऊन बसले. गुडघा सुजला होता. खांद्यातून कळ येत होती. हे न्हाणीतून आले. बनियन उलटं घातलं होतं, शिवण बाहेर. मी बघितलं आणि दातांखाली जीभ धरली. हे भिंतीला हात लावत स्वयंपाकघराकडे गेले. जाताना दाराच्या चौकटीला खांदा लागला. थांबले, चोळला, आत गेले.

मग आवाज सुरू झाले. डब्याचं झाकण. दुसऱ्या डब्याचं झाकण. तो डबा डाळीचा, हे मला इथून कळलं, साखरेचा वरच्या फळीवर असतो. लायटरचा खटका, पुन्हा खटका, पुन्हा. गॅस सुरू राहून पेटला नाही तर, या विचारानं मी खुर्चीच्या कडेवर आले. मग भप्प झालं आणि पेटला. काचबिंदूच्या डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचे चेहरे माझ्यासमोरून गेले. कोणी आत्ता दारातून डोकावलं असतं तर म्हणालं असतं, बाई बसलीय आणि आंधळा नवरा चहा करतोय.

पातेलं पडलं. पडून फरशीवर फिरत राहिलं आणि मग थांबलं. आतून काहीच ऐकू येईना. माझे पाय जमिनीला लागले होते, हात खुर्चीच्या दांड्यांवर, अंग निम्मं उठलेलं. नाही नाही ते डोक्यातून गेलं. भाजलं असेल. पाय घसरला असेल. हे बोलणारच नाहीत.

“दूध सांडलं,” आतून आवाज आला. हाक नव्हती ती. नुसतं सांगणं होतं. पुढे आणखी एक वाक्य येईल, ‘ये ना जरा’ असं काही, म्हणून मी थांबले. ते आलं नाही. फडक्यासाठी ओट्यावर हात फिरल्याचा आवाज आला, मग नळ.

“बरं,” मी म्हटलं.

आणि परत बसले. पाठ खुर्चीला टेकवली. दिवसभरात मी जेवढं वल्हं मारलं होतं त्या सगळ्याहून ते बसणं जड होतं. आत हे ओणवे होऊन फरशी पुसत असणार, राहिलेलं दूध त्यांना दिसणार नव्हतं, उद्या तिथे मुंग्या येणार होत्या. मी उठले नाही.